न्हाणीतली चूल : प्रकल्प नोंदी, डिसेंबर 2024 ते मार्च 2025

3 डिसेंबर 2024, बेळगाव

कॉलेजच्या प्रकल्पाचा विषय नक्की झाला : स्वयंपाकाचा धूर, घरातल्यांची छाती आणि रानातलं जळण. आम्ही पाच जण. दोघं शहरातली, एक मुलगा निपाणीचा, एक मैत्रीण बैलहोंगलची, आणि मी खानापूर तालुक्यातली. मॅडमनी गाव निवडायला सांगितलं तेव्हा मी जांबोटी भाग सुचवला. पिरनवाडी, किणयेवरून एका बसनं जाता येतं, रस्ता पुढे कणकुंबी-चोर्ल्यावरून गोव्यात उतरतो. पलीकडे भीमगडचं अभयारण्य आहे. पावसाळ्यात दोन-दोन आठवडे ऊन दिसत नाही. गावाचं नाव नोंदीत कुठेही येणार नाही, संमतीपत्रात आम्ही तसं कबूल केलं आहे.

दिवसभर वाचन केलं. अडीच मायक्रॉनहून बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण तिसावा हिस्सा, नाकात न अडकता थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं 2020 साली घरातल्या धुरामुळे जगभर 32 लाख माणसं गेली. त्यांत पाच वर्षांखालची 2 लाख 37 हजारांहून जास्त मुलं होती. लहानांना न्यूमोनिया होतो, मोठ्यांना दम्यासारखी न हटणारी धाप लागते, डोळ्यांत मोतीबिंदू होतो. संघटनेची 24 तासांची मर्यादा घनमीटरला 15 मायक्रोग्रॅम आहे, आपल्या देशाची 60.

आजीचा खोकला मी लहानपणापासून ऐकत आले. आमच्याकडे त्याला कुणी आजार म्हटलंच नाही. पहाटेचा कोंबडा, तसा पहाटेचा आजीचा खोकला. हा विषय मला का हवा होता, ते इथे लिहून ठेवते.

11 डिसेंबर

सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन चालू असल्यानं शहरात बंदोबस्त आहे. छपाईच्या दुकानापर्यंत पोचायलाच दुपार झाली. प्रश्नावली मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत छापली. पहिला प्रश्न : स्वयंपाक मुख्यतः कशावर करता?

21 डिसेंबर, गाव

आशाताई बरोबर होत्या, म्हणून दारं उघडली. पहिल्या दिवशी गेलो त्या प्रत्येक घरी एकच उत्तर मिळालं, "गॅस." ओट्यावर शेगडी, खाली लाल सिलिंडर. उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला सुरू झाली, तिची बरीचशी जोडणी या भागात पोचलेली दिसते. संध्याकाळी आमच्यात थोडी निराशा होती. शहरातला मित्र म्हणाला, "इथं धूरच नसेल तर मोजायचं काय?"

पण कौलांच्या आतली बाजू काळीभोर होती. प्रत्येक घरात मी वर बघत होते आणि कागदावर मात्र "गॅस" लिहीत होते.

22 डिसेंबर, गाव

आजची नोंद सविस्तर लिहिते, कारण इथून प्रकल्प बदलला.

बैलहोंगलच्या मैत्रिणीची घरची भाषा कन्नड. मराठी ती हौसेनं बोलते, अडलं की कन्नड शब्द घालते. कन्नडात चुलीला 'ओले' म्हणतात. गावाच्या टोकाच्या घरी एक आजी सोप्यात नाचणी पाखडत बसल्या होत्या. मैत्रिणीनं विचारलं, "आजी, घरात किती ओले?"

आजींनी सूप खाली ठेवलं. "वलं न्हाई ओ बाय, समदं वाळलेलं हाय. या, दावतो."

त्या उठल्या, आणि आम्हाला घरातून आरपार मागच्या परड्यात घेऊन गेल्या. भिंतीला टेकून छातीएवढी जळणाची रास होती. ऐनाच्या ढलप्या, काजूच्या फांद्या, बाजूला शेणींचा उडवा, वरून फाटकं प्लॅस्टिक आणि त्यावर दगड. आणि राशीला लागूनच न्हाणी. तीन बाजूंनी मातीची भिंत, वर उतरती कौलं, कोपऱ्यात दगडांची चूल, चुलीवर बुडाशी काळा झालेला हंडा. खाली निखारे अजून लाल होते.

मी विचारलं, "आजी, ही चूल रोज पेटती?"

"आंघुळीला पाणी नको? पाटंचं पेटती ती दोन पारापर्यंत. सांजच्याला परत. रानातनं बापय येत्यात."

गोठ्याच्या पडवीत दुसरी चूल होती, म्हशीचं खाद्य शिजवायला. स्वयंपाकघरात गॅसशेजारी तिसरी, भाकरीपुरती. गॅसवरची भाकरी सुनेला चालते, त्यांना नाही. म्हणजे या घरात गॅसची एक शेगडी आणि लाकडाच्या तीन चुली. काल अशाच घरांसमोर आम्ही "गॅस" लिहून पुढे गेलो होतो, कारण आमचा प्रश्नच स्वयंपाकाचा होता आणि माणसांनी त्याचं खरं उत्तर दिलं होतं.

मी स्वतः अशाच न्हाणीत वाढले. तरी प्रश्नावली लिहिताना मला ती चूल आठवली नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

कालची सगळी घरं पुन्हा करायची. नवा पहिला प्रश्न : घरात, परड्यात, गोठ्यात मिळून आग किती ठिकाणी पेटते? चला, दाखवा. शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे, नुसतं विचारायचं नाही, बघायला जायचं.

23 डिसेंबर

परतीच्या बसमध्ये मॅडमना फोन केला. त्या आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या की 2011 च्या जनगणनेत घरांच्या यादीत प्रश्न स्वयंपाकाच्या इंधनाचाच होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीही स्वयंपाकाचंच इंधन विचारते. 2019-21 च्या पाहणीत देशातली 58.6 टक्के घरं स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी निघाली. हा आकडा खोटा नाही. पण आजींचं घर त्या 58.6 मध्येच मोजलं गेलं असतं, आणि त्यांच्या न्हाणीतला धूर कुठल्याच रकान्यात आला नसता.

27 डिसेंबर, बेळगाव

काल रात्री मनमोहनसिंग गेले. आज सुट्टी. 1924 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याच्या शताब्दीसाठी शहरभर रोषणाई केली होती, तीही आज शांत आहे. खोलीवर बसून एक हिशोब केला.

एक हंडा 20 लिटरचा धरला. पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायचं तर साधारण 3.35 मेगाज्यूल उष्णता लागते. वाळलेल्या लाकडात किलोमागे 15 मेगाज्यूल धरले आणि दगडाच्या उघड्या चुलीत त्यातले 12 टक्केच पाण्यात जातात असं मानलं, तर हंड्यामागे पावणेदोन-दोन किलो लाकूड जातं. सकाळ-संध्याकाळ मिळून चार हंडे म्हणजे रोज सात-साडेसात किलो.

तेच गॅसवर : किलोला 46 मेगाज्यूल, शेगडीची कार्यक्षमता 60 टक्के, हंड्यामागे सुमारे 120 ग्रॅम. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये असे 117 हंडे तापतील. चार हंड्यांचं घर असेल तर नुसत्या अंघोळीत एक सिलिंडर 29 दिवसांत संपतो. स्वयंपाकाचा वेगळा.

उत्तर इथेच आहे. "गॅस दिला तरी बायका चूल सोडत नाहीत" हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे, आणि प्रत्येक वेळी त्यात बायकांना अडाणी ठरवण्याचा सूर असतो. त्या अडाणी नाहीत. त्यांनी हा हिशोब माझ्या आधी केला आहे, कागदाशिवाय.

5 जानेवारी 2025, गाव

यंत्रांचा दिवस. आमचे सेन्सर प्लँटॉवर कंपनीचे पीएमएस 5003. आत लेझरचा झोत, कणांवरून उजेड विखुरतो त्यावरून यंत्र कण मोजतं. छोटा पंखा हवा ओढतो. यंत्राचा भरवशाचा पल्ला घनमीटरला 500 मायक्रोग्रॅमपर्यंत आहे, हजारापर्यंत कसंबसं.

सकाळी न्हाणीत चुलीपासून हातभर अंतरावर ठेवला. ढलप्या पेटल्या आणि आकडा चढत हजारापाशी जाऊन अडकला. पुढे धूर वाढला तरी आकडा तिथेच. म्हणजे ही जागा या यंत्राची नव्हे. अशा नोंदीला "हजार" म्हणणं चुकीचं, "यंत्राच्या पलीकडे" एवढंच लिहायचं.

दुसरी अडचण जास्त खोल होती. चूल विझत आली तरी आकडा उतरेना. निपाणीचा मित्र बराच वेळ नुसता न्हाणीकडे बघत बसला. मग म्हणाला, "अगं, वाफ." कोणीतरी अंघोळीला पाणी काढलं होतं. लेझरला पाण्याचा थेंब आणि धुराचा कण यांत फरक कळत नाही. खात्री करायला त्या घरच्या काकूंच्या गॅसवर एक पातेलं पाणी उकळवून थंड न्हाणीत नेऊन ओतलं. धूर नाही, आग नाही, आणि आकडा उडाला.

म्हणून नियम ठरवले. सेन्सर न्हाणीच्या दाराशी, पाटावर बसलेल्या मुलाच्या नाकाच्या उंचीवर. नोंद चूल पेटवल्यापासून विसण घालायच्या आधीपर्यंतच. शेजारी कार्बन मोनॉक्साइडचा मीटर, तो वाफेला फसत नाही. आणि प्रत्येक जागी पंपाला गोल फिल्टर कागद लावायचा, आधी आणि नंतर कॉलेजात तोलायचा.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावरच असे पंप बांधून धूर मोजला होता. या विषयातलं जगभरचं काम बरंचसं तिथून पुढे आलं. पंपाची घरघर ऐकताना ते सारखं मनात येत होतं.

12 जानेवारी, गाव (मुक्काम)

पहाटे साडेचार. धुकं. आशाताईंच्या घरून टॉर्च घेऊन निघालो.

आजींची सून न्हाणीत वाकून फुंकणीनं फुंकर घालत होती. धूर आधी वर गेला, कौलांना लागून पसरला, मग खाली उतरत दाराच्या चौकटीच्या निम्म्यावर येऊन थांबला. त्याच्या खाली वाकून ती काम करत होती. पाच-सात मिनिटांत हंडा चढवला, आणि ती भाकऱ्या करायला आत निघून गेली.

आणि मग मुलं आली. एक दुसरीतला, एक अंगणवाडीतली. गोधडी पांघरून दोघंही चुलीसमोर पाटावर बसली, हात पुढे करून. मागून आजी आल्या, त्याही शेकायला बसल्या. मोठा मुलगा चुलीच्या उजेडात पाढे म्हणत होता. कोणी उठलं नाही. पहिली अंघोळ होईपर्यंत, म्हणजे घड्याळानं चाळीस मिनिटं, ती तिथेच होती.

आम्ही आजवर "स्वयंपाक करणारी बाई" धरून आखणी केली होती. पुस्तकंही तशीच लिहिलेली आहेत. पण थंडीत न्हाणीची चूल ही घरातली सर्वांत उबदार जागा, आणि तिथे सर्वांत जास्त वेळ बसतात ते म्हातारे आणि लहान मुलं. ज्यांची फुप्फुसं सगळ्यात कमी सोसू शकतात तेच.

आजी दोनदा खोकल्या. धाकटीही खोकली. मला काही लिहवेना, थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहिले.

14 जानेवारी

संक्रांत. प्रत्येकजण आपापल्या घरी. आमच्या न्हाणीत पहाटे सेन्सर न लावता नुसती बसले.

2 फेब्रुवारी, गाव

जळण तोलण्याचा आठवडा आज संपला. पद्धत सोपी आहे : रोज सकाळी ताणकाट्यानं मोळी तोलून द्यायची, दुसऱ्या सकाळी उरलेलं तोलायचं, आणि प्रत्येक चुलीची मोळी वेगळी ठेवायची. आजींच्या सुनेनं ती शिस्त आमच्यापेक्षा चोख पाळली. मोळ्यांना तिनं वेगवेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधल्या होत्या. न्हाणीला लाल, भाकरीला निळी, म्हशीला पांढरी. लाल चिंधीची मोळी रोज सात-आठ किलोंनी हलकी व्हायची, निळी तिच्या निम्म्यालाही पोचली नाही. 27 डिसेंबरचा कागद काढून तिला दाखवला. ती म्हणाली, "हे तर म्या आदीच सांगितलं असतं."

जळण आणायला बायका चौघी-पाचजणी मिळून जातात. एकटी कोणी जात नाही, रानात अस्वलं आहेत. पडलेलं, वाळकं तेवढंच आणतात. पूर्वी गावालगत मिळायचं, आता ओढ्यापलीकडे जावं लागतं असं तिघींनी वेगवेगळं सांगितलं. जंगलाच्या बाजूनं पाहिलं तरी अंघोळीचं पाणी हाच मोठा खर्च दिसतो. चूल सुधारायची असेल तर आधी न्हाणीतली सुधारावी.

सौर बंबाचं विचारलं. एका काकांनी आकाशाकडे बोट केलं आणि जूनपासूनचे महिने मोजून दाखवले. बरोबर आहे त्यांचं.

16 फेब्रुवारी, गाव

एक घर वेगळं निघालं. त्यांच्याकडे जुना तांब्याचा बंब आहे, मधून नळी जाणारा. आग नळीत, पाणी भोवती, आणि धूर वरच्या तोंडातून बाहेर. ते तो न्हाणीत ठेवतच नाहीत, परड्याकडच्या पडवीत ठेवतात आणि गरम पाणी बादलीनं आत नेतात. काटक्या, नारळाची सोडणं, काजूच्या बारक्या फांद्या एवढ्यावर भागतं. या घरच्या न्हाणीतला फिल्टर कागद जवळजवळ कोराच निघाला.

शेजारी विचारलं तर तीन घरांनी आपला बंब मोडीत घातल्याचं सांगितलं. तांब्याला भाव चांगला आला होता आणि मुलीचं लग्न होतं.

रात्री सुधारित चुलींवर वाचलं. राष्ट्रीय कार्यक्रम 1980 च्या दशकात सुरू झाला. त्याच काळात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अस्त्र गटानं धुराड्याची, लोखंडी जाळीची 'अस्त्र ओले' तयार केली. पुन्हा तोच शब्द, ओले. जाळीमुळे खालून हवा मिळते आणि धुराड्यामुळे धूर बाहेर जातो, बंबाचं तत्त्वही यापेक्षा फार लांबचं नाही.

तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथे मिळून झालेला गर्भवतींचा मोठा अभ्यासही वाचला, निकाल 2022 मधला. गॅस फुकट पुरवला, घरातला धूर खूप कमी झाला, तरी बाळांच्या जन्मवजनात ठरवून सांगता येईल असा फरक दिसला नाही. आधी मन खट्टू झालं. मग वाटलं, हे छापणाऱ्यांचं कौतुक करावं. आपल्या मनासारखं न आलेलं उत्तरही लोकांपुढे ठेवायचं असतं.

9 मार्च, गाव

निकाल आधी गावाला, मग कॉलेजला, हे मी सुरुवातीलाच मागून घेतलं होतं. मंदिराच्या सभामंडपात बायका जमल्या, मागे काही पुरुषही उभे होते. मराठीत मी बोलले, कन्नड बोलणाऱ्या दोन घरांसाठी बैलहोंगलच्या मैत्रिणीनं सांगितलं. आकडे कमी सांगितले. एका पुठ्ठ्यावर फिल्टर कागद ओळीनं चिकटवले होते. कोरा. बंबाच्या घरचा, गॅसच्या ओट्यावरचा, भाकरीच्या चुलीचा. शेवटी न्हाणीचे.

एक मावशी पुढे आल्या, न्हाणीच्या कागदावर नख ओढलं, नखावरचं काळं बघितलं. "हे तव्याच्या बुडाचं," म्हणाल्या. मग विचारलं, "ह्यो कुणाच्या घरचा?" आम्ही सांगू शकत नव्हतो, तसं ठरलं होतं. त्यावर त्या सगळ्या ओळीवर हात फिरवत म्हणाल्या, "सांगू नगासा. सगळ्यांच्याच हायती."

नंतर बराच वेळ त्याच बोलत राहिल्या आणि आम्ही लिहीत राहिलो. न्हाणीच्या धुरावर माळ्यावरचं बियाणं टिकतं, कीड लागत नाही. पावसाळ्यात ओली घोंगडी आणि पोरांचे कपडे तिथेच वाळतात. धूर पूर्ण घालवला तर हे कुठे करायचं? आम्ही हे कुठेच विचारात घेतलं नव्हतं. सुनेचं म्हणणं असं की चूल पडवीत काढावी, न्हाणीत फक्त पाणी न्यावं, पोरं शेकायला बसली तरी उघड्यावर बसतील. खर्च काहीच नाही, फक्त पावसाची झड लागते त्या बाजूला पत्रा हवा. दोन घरांनी पत्रा आपणच घालतो म्हणून सांगितलं.

आजी शेवटी बोलल्या. "तुमी थंडीत आलासा. जळाण वाळकं हाय आता. पावसात या. तवा बगा धूर."

त्या बरोबर सांगत होत्या. आमचं सगळं मोजमाप वाळलेल्या लाकडाचं आहे. ओल्या जळणात आधी पाणी उकळतं, आग मंद राहते, धूर वाढतो. म्हणजे आम्ही मोजला तो वर्षातला हलका धूर. अहवालाच्या पहिल्याच पानावर हे ठळक लिहायचं ठरलं.

20 मार्च, बेळगाव

आमच्या परीक्षा जवळ आल्या. जूनमध्ये धाकट्या वर्गातली चौघं जाणार आहेत, त्यांच्यासाठी लिहून ठेवते.

प्रश्नावलीचा दुसरा मसुदा वापरा, पहिला फाडला आहे. प्रत्येक घरात मागच्या दारापर्यंत जा. सेन्सर क्रमांक 2 च्या पंख्यात काजळी बसते, मऊ ब्रशनं झाडा, फुंकर मारू नका. पावसात हवेत दमटपणा जास्त, तेव्हा लेझरचे आकडे एकटे धरू नका, फिल्टरचं वजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही घ्याच. फिल्टर कोरड्या डबीतच न्या. ज्या दोन घरांनी चूल पडवीत काढली आहे तिथे आधी जा, आणि मुलं कुठे बसतात ते घड्याळ लावून लिहा. जळणाच्या मोळ्यांना चिंध्या सुनेकडेच मागा.

आजींच्या घरी सकाळी लवकर पोचा. यंत्रांची पिशवी आशाताईंकडे सोप्यातल्या खुंटीला आहे, चुलीपासून लांब.